पुलाखालून

पूल बांधतात तो वरून जाण्यासाठी, पण पाहायचा असेल तर खालून पाहावा. वरून जाणाऱ्याला रस्त्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना कठडे येतात, चाकांचा आवाज जरा पोकळ होतो, लोखंडी पट्टीवर धडधड होते, आणि नदी मागे पडलेली असते. तिला पाणी होतं की नाही हेही ध्यानात येत नाही. खाली उतरलं की पुलाचा सगळा कारभार उघड्यावर असतो. कोण कोणाच्या खांद्यावर आहे, भार कुठून येतो आणि कुठे जातो, पाणी कुठे झिरपतंय, कुठे लोखंड गंजून तांबड्या रेघा उतरल्या आहेत, सगळं समोर दिसतं.

आमचं शिक्रापूर हे रस्त्यांचं गाव. पुणे–नगर महामार्ग गावातून जातो, चाकणचा रस्ता येऊन त्याला मिळतो, पाबळ फाट्यावरून तिसरा फुटतो. रांजणगाव, सणसवाडी, चाकण इथल्या कारखान्यांचा माल रात्रंदिवस इथून धावत असतो. नव्या कोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर, कंटेनर, ऊस भरलेले ट्रॅक्टर, आणि त्यांच्या मधून वाट काढणारी दुधाच्या किटल्यांची मोटारसायकल. या सगळ्याच्या खालून वेळ नदी वाहते. वाहते म्हणायचं ते पावसाळ्यात. वैशाखात पात्रात उतरलं तर गुडघाभर बाभळी, वाळलेलं शेवाळ, कुठेतरी एखादं डबकं आणि खांबांच्या सावलीत बसलेल्या शेळ्या. मला नदीचं हे कोरडं रूप आवडतं असं नाही, पण पूल शिकायचा तर याच दिवसांत.

खांबाच्या डोक्यावर जिथे गर्डर, म्हणजे तुळई, टेकते तिथे नीट निरखून पाहावं. तुळई खांबावर थेट बसवलेली नसते. मध्ये काही बोटं जाडीची काळ्या रबराची चौकोनी गादी असते. तिच्या पोटात पोलादाचे पातळ पत्रे असतात, त्यामुळे ती भाराखाली चेपून फुगत नाही, पण आडवी मात्र थोडी सरकू शकते. हे बेअरिंग. शंभर मीटर लांबीचं काँक्रीट तापमानात तीस अंशांचा फरक पडला की तीन-साडेतीन सेंटिमीटर वाढतं किंवा आकसतं. माघातल्या पहाटेचा पूल आणि वैशाखातल्या दुपारचा पूल एकाच लांबीचा नसतो. ही हालचाल जिरवायला वर रस्त्यात फट ठेवलेली असते आणि खाली ही गादी. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या महामार्गावरून जी धडधड कानावर येते, ती त्या फटीवरच्या पट्टीची. पुलाला हलायला जागा ठेवली आहे म्हणून तो आवाज येतो.

ही जागा राखण्याचं काम मात्र फार थोड्यांच्या मनात असतं. फटीत माती बसते, मातीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं, आणि एक दिवस काँक्रीटमधून हाताएवढं रोप डोकावतं. पानं काय सुंदर असतात त्याची! कोवळी, तांबूस, उन्हात चमकणारी. पण त्याचं मूळ सांध्यात शिरलं की सांधा सांधा राहत नाही. गादीभोवती कचरा साठला की तिला सरकता येत नाही, मग जो ताण तिनं सोसायचा तो खांबाच्या माथ्यावर येतो आणि तिथून कपचे उडू लागतात. पिंपळ उपटायला कोणी धजावत नाही, तोडायला मन होत नाही. मला वाटतं, पिंपळाचा खरा मान राखायचा तर तो रोप असतानाच काढून नदीकाठी लावावा.

हे सगळं मनात घेऊन मी वांद्रे–वरळी सागरी सेतू पाहायला गेलो. आमच्याकडच्या निम्म्या गावाच्या मोबाइलमध्ये त्या पुलाचा फोटो असतो. मुंबईला लग्नाला गेलेला माणूस येताना टॅक्सीतून एक तरी व्हिडिओ काढतोच. 1999 साली पायाभरणी झाली, 30 जून 2009 रोजी पहिल्या चार मार्गिकांचं उद्घाटन झालं आणि मार्च 2010 मध्ये आठही मार्गिका खुल्या झाल्या. लांबी 5.6 किलोमीटर. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळानं तो उभारून घेतला आणि बांधला हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीनं. ही कंपनी वालचंद हिराचंदांनी 1926 साली काढली. वालचंद सोलापूरचे, म्हणजे आमच्याच भीमेच्या खोऱ्यातले. त्यांनी बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खोदले होते. घाट फोडणाऱ्यांच्या कंपनीनं पुढे समुद्रात खांब रोवले याचं मला आमच्या बाजूचा माणूस म्हणून फार अप्रूप वाटतं.

सागरी सेतूवर पायी जाता येत नाही, दुचाकी चालत नाही, गाडी थांबवता येत नाही. तेव्हा वरून पाहणं म्हणजे काही मिनिटांत सरकून जाणारं दृश्य. मी वरळी कोळीवाड्याच्या बाजूला गेलो, किल्ल्याजवळच्या किनाऱ्यावर, जिथून त्याची कूस दिसते. ओहोटी होती. जाळी वाळत घातलेली, सुकटीचा वास, आणि समोर पाण्यात एकामागून एक खांबांची रांग वांद्र्याकडे गेलेली. तिथून कळतं की ज्याचे फोटो निघतात तो केबलचा भाग पुलाचा फार थोडा हिस्सा आहे. बाकी सगळा पूल साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या गाळ्यांचा आहे, खांबामागून खांब, नाव न मिळवता उभा.

या गाळ्यांची बांधणी कशी झाली ते समजून घेण्यासारखं आहे. किनाऱ्यावरच्या आवारात काँक्रीटचे पोकळ, पेटीसारखे तुकडे ओतले. एक तुकडा घट्ट झाला की त्यालाच चिकटून पुढचा ओतायचा, म्हणजे दोघांच्या कडा तंतोतंत जुळतात. मग ते समुद्रातून नेऊन, खांबावरून खांबावर सरकणाऱ्या मोठ्या लोखंडी सांगाड्याला एका गाळ्याचे सगळे तुकडे टांगायचे, कडांना इपॉक्सी लावायचं आणि आतून पोलादी तारा ओवून त्या प्रचंड जोरानं ताणायच्या. तारा ताणल्या की त्या आकसू पाहतात, आणि त्या आकसण्यात सगळे तुकडे एकमेकांवर दाबले जातात. काँक्रीट दाब सोसायला पहाडासारखं, पण ओढ सोसायला फार कमजोर. म्हणून भार येण्याआधीच त्याला दाबून ठेवायचं. वरून गाडी गेली, तुळई खाली वाकू पाहू लागली, तर आधीचा दाब थोडा कमी होतो इतकंच. ओढ त्याच्या वाट्याला सहसा येतच नाही. फ्रान्सच्या युजीन फ्रेसिनेनं 1928 साली या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून जगभरच्या पुलांची लांबी वाढत गेली.

मला हे समजलं ते बैलगाडीच्या चाकावरून. लहानपणी आमच्या गावच्या लोहाराच्या साळेपुढे धाव चढवायचा दिवस म्हणजे जत्राच. लोखंडाचं कडं चाकापेक्षा जरासं लहान केलेलं असायचं. ते जमिनीवर ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. कडं लालबुंद झालं, फुगलं, की तिघाचौघांनी सांडशींनी उचलून लाकडी चाकावर बसवायचं, घणाचे ठोके, आणि लगेच घागरी ओतायच्या. फस्सकन वाफ उठायची, लाकूड करकरायचं. गार होताना धाव आकसायची आणि चाकाचे सुटे सुटे लाकडी तुकडे, आरे, मधला तुंबा, सगळ्यांना एकमेकांत असं आवळून धरायची की मग ते चाक दगडधोंड्यांतून वर्षानुवर्षं फिरलं तरी खिळखिळं व्हायचं नाही. एकही खिळा न ठोकता! तो लोहार शाळेत गेला नव्हता. फ्रेसिनेनं जे काँक्रीटमध्ये साधलं त्याचं मर्म त्याच्या हातात होतं, आणि ते मर्म त्याला त्याच्या बापाकडून मिळालं होतं.

आता केबलचा भाग. वांद्र्याच्या बाजूच्या खोल पाण्यावर 250 मीटरचे दोन गाळे आहेत, मधोमध एक मनोरा, सुमारे 128 मीटर उंचीचा. त्याचे चार पाय तळातून वर जाताना एकमेकांकडे झुकत जातात आणि वर एकजीव होतात. सरळ भिंत चढवणं वेगळं आणि दोन दिशांना कललेला, उंचीनुसार आकार बदलणारा पाय समुद्राच्या वाऱ्यात चढवणं वेगळं. तीन-तीन मीटरच्या टप्प्यांत तो ओतला गेला. मनोऱ्यापासून दोन्ही बाजूंना पूल एकाच वेळी वाढवत नेतात. इकडे एक तुकडा जोडला की तिकडे एक, इकडची केबल ताणली की तिकडची, म्हणजे मनोरा कोणाच्याच बाजूला ओढला जात नाही. त्या एका मनोऱ्याला 264 केबल आहेत, सर्वांत छोटी साधारण 85 मीटरची, सर्वांत लांब जवळपास 250. प्रत्येकीत गॅल्व्हनाइज केलेल्या पोलादी तारांची समांतर जुडी, वरून प्लास्टिकचं जाड आवरण. प्रत्येकीचा कोन वेगळा, म्हणून प्रत्येकीची ओढ वेगळी ठरवावी लागते. वरळीकडे असाच पण लहान भाग आहे, मधला गाळा 150 मीटरचा. अशा पुलांत पुढेमागे एखादी केबल काढून नवी घालावी लागेल, याचाही विचार आराखड्यातच केलेला असतो. शंभर वर्षांचा विचार करणाऱ्या माणसानं दुरुस्तीची जागा आधीच राखून ठेवावी, यातलं शहाणपण मला त्या मनोऱ्याच्या उंचीपेक्षा मोठं वाटतं.

आणि या सगळ्याच्या खाली जे आहे ते कोणालाच दिसत नाही. समुद्राच्या तळात 604 मोठ्या व्यासाचे पाइल उतरवले आहेत, कुठे 6 मीटर खोल, कुठे 34. इतका फरक का? कारण तळ एकसारखा नाही. मुंबईखाली काळा बेसॉल्ट आहे, तसाच ज्वालामुखीच्या राखेचा ठिसूळ दगड आहे, तुकड्यांचा मिळून झालेला ब्रेशिया आहे. एका खांबाखाली टणक पाषाण, तर पुढच्याच खांबाखाली हातानं चुरगळेल असा कुजका दगड. म्हणून आधी भोकं पाडून दगडाचे नमुने काढायचे आणि मग ठरवायचं, इथे किती खोल जायचं.

हे वाचताना मला आमच्याकडच्या विहिरी आठवल्या. शिरूर तालुक्यात ज्यानं एक विहीर खणली असेल त्याला ही भाषा शिकवावी लागत नाही. वरची माती संपली की मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या, मध्येच गेरूचा लाल पट्टा, आणि मग काळा पाषाण. एका शेतात पंधरा फुटांवर पाषाण लागतो, बांधापलीकडे चाळीस फुटांपर्यंत मुरूमच निघतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले, त्यांतून हे दख्खनचं पठार घडलं. वरळीच्या समुद्रात पाइल ज्या दगडात रुतले आहेत तो आणि वेळ नदीच्या खांबाखालचा, दोघेही त्याच कुळातले. मुंबईचा तो दिमाखदार पूल आणि आमचा धुळीनं माखलेला पूल, दोघांचा पाया एकाच घराण्यावर टेकलेला आहे हे कळल्यापासून मला आमच्या पुलाबद्दल जास्तच आपुलकी वाटू लागली आहे.

कोळीवाड्यात जाळं विणत बसलेले एक काका भेटले. मी पुलाकडे टक लावून पाहतोय हे पाहून त्यांनीच विचारलं, "गावावरनं आलात?" मग म्हणाले, "वरनं जाणाऱ्याला रस्ता दिसतो, आम्हाला खांब दिसतात. वारा आडवा सुटला, पाण्याला ओढ असली, की दोन खांबांच्या मधनं होडी काढताना जीव मुठीत येतो." मी गप्प राहिलो. मला जे पाहायला शिक्रापूरहून यावं लागलं, ते त्यांच्या रोजच्या पोटापाण्याचं होतं. वरळीच्या कोळ्यांनी हेच म्हणणं पुढे सागरी किनारा मार्ग सेतूला जोडायचं काम निघालं तेव्हा लावून धरलं. आराखड्यात खांबांमधलं अंतर 60 मीटर होतं. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या बोटींना ते पुरणार नाही, आम्हाला याहून रुंद मोकळी वाट हवी, असं ते सांगत राहिले. काम अडलं, चर्चा झाल्या, आणि शेवटी सातव्या आणि नवव्या खांबांमधला आठवा खांब गाळायचं ठरलं.

एक खांब गाळणं ऐकायला सोपं वाटतं. गाळा दुप्पट झाला की तुळईवर येणारा वाकवणारा जोर चौपट होतो, साधी तुळई पुरत नाही. म्हणून तिथे लोखंडी कमान आली, बो स्ट्रिंग पद्धतीची. कमान दोन्ही टोकांना बाहेर रेटा देते, तो रेटा खांबांवर न टाकता खालच्या रस्त्याच्या पट्ट्यानंच दोन्ही टोकं बांधून ठेवायची, धनुष्याची दोरी बांधते तशी. मग खांबाला फक्त वजन सोसायचं राहतं. 26 एप्रिल 2024 च्या पहाटे 136 मीटर लांबीची, सुमारे 2,000 टनांची पहिली कमान तराफ्यावरून आणून, भरतीचं गणित जमवून जागेवर बसवली. पुढच्या महिन्यात दुसरी, 143 मीटरची, 2,500 टनांची. आज त्या कमानी डौलदार दिसतात, येणारे-जाणारे कौतुक करतात. त्या तशा आहेत याचं एक कारण पुलाखालून जाणाऱ्या माणसांनी आपली वाट सोडली नाही हे आहे. माझ्या मते आराखड्याच्या कागदावर त्यांची नावं इंजिनिअरांच्या शेजारी यायला हवी होती.

नदीवरच्या पुलाखालून माणसं फारशी जात नाहीत, पाणी जातं. आणि पाणी तक्रार करत नाही, खणत जातं. पुराचा लोंढा खांबाला धडकला की खाली वळतो, खांबाच्या बुंध्याशी भोवरा घेतो आणि तिथली वाळू उपसून पुढे नेतो. पूर जितका मोठा तितका खड्डा खोल. पण पूर ओसरू लागला की वरून आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते. त्यामुळे उन्हाळ्यात पात्रात उतरून पाहिलं तर सगळं सपाट, जणू काही घडलंच नाही. ही भरलेली वाळू भुसभुशीत असते, पुढच्या पुरात पहिल्यांदा तीच जाते. पूल धोक्यात असतो तो नेमका त्या रात्री, जेव्हा त्याच्या बुंध्याशी कोणी पाहू शकत नाही.

आता यात माणसाच्या हातची भर. भीमा आणि घोड या आमच्या नद्यांतून वाळू कशी गेली हे तालुक्यात कोणाला सांगावं लागत नाही. पुलाजवळ वाळू उपसायला बंदी आहे, आणि त्या बंदीला कारण आहे. खांब ज्या वाळूत अंगभर बुडालेला असायचा तो उघडा पडतो, पायाचं काँक्रीट दिसू लागतं, आणि पुराला आयतं भगदाड मिळतं. पात्रातून निघालेली ती वाळू कुठल्यातरी स्लॅबमध्ये बसते. एका घराचा पाया भरताना शंभर गावांच्या पुलाचा पाया उघडा करायचा, हे मला चोरीपेक्षा वाईट वाटतं.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल महापुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसं दगावली. वर रस्ता सरळ होता, पुढे पूल नाही हे कोणाला कळणार? नवा पूल तिथे 165 दिवसांत उभा राहिला, जून 2017 मध्ये खुलाही झाला. एवढ्या झपाट्यानं आपण बांधू शकतो, मग जुन्याच्या बुंध्याशी वेळेवर वाकून पाहणं आपल्याला का जमू नये, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. 15 जून 2025 रोजी तर आमच्याच जिल्ह्यात, तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळ्याला, इंद्रायणीवरचा लोखंडी पूल सुट्टीच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तो पूल धोकादायक आहे हे आधीच ठाऊक होतं.

पुलांची पाहणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर करायची असते, असा दंडक आहे. ती कशी होते यावर सगळं अवलंबून. गाडी पुलावर उभी करून, कठड्यावरून डोकावून होते, की कोणीतरी पँट दुमडून पात्रात उतरतं, गादीभोवतीचा कचरा काढतं, खांबाच्या बुंध्याशी पहार खुपसून वाळू किती भुसभुशीत आहे ते पाहतं? मी एकदा एका तरुण इंजिनिअरला असं उतरलेलं पाहिलं आहे. हातात टॉर्च आणि हातोडी, काँक्रीटवर ठोके देत कान लावून ऐकत होता. पोकळ वाजलं तिथे खडूनं खूण करी. मी काठावर बसून बराच वेळ त्याचं काम पाहिलं. परत वर आला तेव्हा बूट चिखलानं भरलेले, शर्टाला जाळी लागलेली. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाला, "अजून दोन पूल आहेत, काका. ऊन उतरायच्या आत झाले पाहिजेत."

आता पुण्याहून शिरूरकडे जाणाऱ्या उन्नत मार्गाची आखणी झाली आहे. तो झाला की शिक्रापूरच्या कोंडीवरून वाहनं उंचावरून निघून जातील, आणि आमच्या गावाला मधोमध खांबांची रांग मिळेल. लोक जमिनीच्या भावाचं बोलतात, चौकातल्या दुकानांचं बोलतात, ते साहजिक आहे. मी वाट पाहतोय ती पहिल्या खड्ड्यांची. चाकण चौकापासून नदीपर्यंत प्रत्येक खांबाला मुरूम कुठवर लागतो, मांजऱ्या कुठे, काळा पाषाण किती फुटांवर, हे काँक्रीट पडायच्या आत मला डोळ्यांनी पाहायचं आहे. खड्ड्याच्या काठावर उभं राहू देतील की नाही, ठाऊक नाही. नाहीच दिलं तर खाली काम करणाऱ्या पोराला वरून हाक मारून विचारीन.